विल की ट्रस्ट? आधी सांगा, मागे सही कोण करणार

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. बाबा ७८, टपाल खात्यातून रिटायर, आई ७२. इंदूरच्या रामबागेत आजोबांनी बांधलेलं मकान, तिथल्याच स्कीम ७८ या वसाहतीत आई-बाबांच्या जॉइंट नावावर एक प्लॉट, थोड्या एफडी, थोडे म्युच्युअल फंड. दादा कॅनडात, तुम्ही पुण्यात, आणि धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे, तो आई-बाबांजवळच राहतो. बाबांना कोणीतरी सांगितलं की विल कोर्टात अडकतं, ट्रस्ट करून टाका, टॅक्सही वाचतो. तर आता करायचं काय.

मी इंदुरात २६ वर्षं दिवाणी वकिली करते आहे आणि त्यातली निम्मी कामं वारसाचीच असतात, त्यामुळे जरा लांबलचक लिहिणार आहे.

टॅक्सचं आधी मिटवते. आपल्याकडे माणूस गेल्यावर त्याच्या इस्टेटीवर लागणारा कर १९८५ मध्येच बंद झाला. विलने मिळालं काय किंवा वारसाने मिळालं काय, घेणाऱ्याला त्यावर इन्कम टॅक्स नाही. मग ट्रस्ट करून वाचवायचा तो टॅक्स कुठला? उलट ट्रस्ट नीट लिहिला नाही, म्हणजे कोणाला किती द्यायचं ते ट्रस्टींच्या मर्जीवर सोडलं, तर त्या ट्रस्टचं उत्पन्न साधारणपणे सगळ्यात वरच्या दराने धरतात. एकच लाभार्थी आणि त्याचा हक्क ठरलेला असेल तर मात्र त्या लाभार्थ्यालाच लागेल तेवढा टॅक्स लागतो. हा फरक ज्याने डीड, म्हणजे ट्रस्टचा दस्तऐवज, लिहिलं त्याला माहीत नव्हता म्हणून दरवर्षी फुकट पैसे भरणारी घरं मी बघितली आहेत. तर टॅक्स वाचतो हे कारण डोक्यातून काढून टाका.

कोर्टाचंही तसंच. प्रोबेटची, म्हणजे विल खरं असल्याचा कोर्टाकडून दाखला घेण्याची, भीती लोक मुंबईच्या नातेवाइकांकडून ऐकतात. मुंबईत वर्षानुवर्षं सोसायट्या आणि बँका प्रोबेट मागत आल्या, पण इंदूरच्या मकानासाठी, इंदुरात केलेल्या विलला प्रोबेट इथे कधीच सक्तीचं नव्हतं. विल, डेथ सर्टिफिकेट आणि बाकी वारसांचं म्हणणं घेऊन नगर निगममध्ये किंवा तहसीलमध्ये नामांतरण होतं. वाद निघाला तर मात्र दिवाणी कोर्ट, आणि वाद ट्रस्टमध्येही निघतो, तोही जिल्हा कोर्टातच जातो.

मग विल पुरेसं आहे का? दहा घरांपैकी आठ-नऊ घरांना मी हेच सांगते की साधं, स्वच्छ विल करा आणि निश्चिंत व्हा. तुमच्या घराला तसं सांगणार नाही, कारण धाकटा भाऊ. मालकी त्याच्या नावावर होऊ शकते, कायद्याची त्याला ना नाही, पण मालक झाला की सही लागते, बँकेत, रजिस्ट्रीला, भाडेकरूच्या करारावर. ती सही कोण करणार? ट्रस्टमध्ये मालमत्ता ट्रस्टींच्या नावावर असते आणि फायदा लाभार्थ्याला मिळतो, म्हणून सही ट्रस्टी करतात. ट्रस्ट हवा की विल, याचं उत्तर प्रॉपर्टी किती मोठी आहे यावर नाही, ते या सहीवर ठरतं. दोन कोटींचं मकान आणि तिघं धडधाकट समजूतदार मुलं असतील तर ट्रस्टची काही गरज नाही, आणि वीस लाखांची एफडी आणि एक असं मूल असेल तर गरज आहे.

समजा काहीच केलं नाही आणि बाबा गेले तर काय होतं ते बघा. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, १९५६ चा, बायको आणि सगळी मुलं पहिल्या वर्गाचे वारस, आजी हयात असत्या तर त्याही, सगळ्यांना सारखा वाटा. म्हणजे चौघं, प्रत्येकी चौथा हिस्सा. प्लॉट जॉइंट आहे म्हणून बाबांचा अर्धा आपोआप आईचा होतो असं खूप जण समजतात, तसं होत नाही, त्या अर्ध्याचेही चार वाटे. आता उद्या आईला प्लॉट विकून पैसे हाताशी ठेवायचेत, तर भावाच्या हिश्शासाठी कायदेशीर पालक लागेल आणि बहुतेक वेळा कोर्टाची परवानगीही. मूल १८ वर्षांचं झालं की आई-बापाचं आपोआपचं पालकपण संपतं, हे ३४ वर्षांच्या मुलाच्या आईलासुद्धा कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून विल-ट्रस्टच्याही आधीचं काम सांगते. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता असलेल्यांसाठी जिल्ह्याच्या लोकल लेव्हल कमिटीकडून कायदेशीर पालक नेमून मिळतो, कलेक्टर त्या कमिटीत असतात. आई-बाबा दोघं हिंडते-फिरते आहेत तोवर तो अर्ज करा. त्याच कायद्याखाली निरामय नावाची आरोग्य विम्याची योजना आहे, एक लाखापर्यंतची, तीही घेऊन ठेवा. (या कायद्याच्या नावात ट्रस्ट आहे म्हणून गोंधळू नका, तुमच्या घरच्या ट्रस्टशी त्याचा संबंध नाही.)

दुसरं, बाबा केंद्र सरकारचे पेन्शनर आहेत. दिव्यांग मुलाला आई-वडिलांच्या मागे आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळू शकतं आणि त्याचं नाव बाबा हयातीतच पेन्शनच्या कागदावर, म्हणजे पीपीओवर घालून घेऊ शकतात. मागे हे करायला गेलं की मेडिकल सर्टिफिकेट आणा, अवलंबून होता हे दाखवा, यात महिनेच्या महिने जातात, आणि तेव्हा धावपळ करायला बाबा नसतात. यात एक बारीक गोष्ट आहे: त्याचं स्वतःचं उत्पन्न एका मर्यादेच्या आत असावं लागतं. म्हणून प्रेमापोटी सगळ्या एफडी त्याच्या नावावर करून टाकू नका, व्याजच पेन्शनच्या आड येईल. ट्रस्ट केला तरी त्याचं उत्पन्न त्याच्या खाती कसं धरलं जाईल हे पेन्शनवाल्या माणसाला आणि सीएला दोघांना एकत्र बसवून विचारा, दोघं वेगवेगळं सांगतात आणि आपण मधे अडकतो.

आता मकान. तुम्ही सहज लिहिलंय आजोबांनी बांधलेलं, आणि मी तिथेच थांबले. आजोबांनी विल केलं होतं का? नसेल, आणि मकान त्यांच्या स्वतःच्या कमाईचं असेल, आणि ते १९५६ नंतर गेले असतील, तर ते एकट्या बाबांचं झालं नाही, ते आजी, बाबा आणि आत्या, सगळ्यांचं झालं. तुमच्या किती आत्या आहेत मला माहीत नाही. निगमच्या टॅक्सच्या पावतीवर ३० वर्षं बाबांचं नाव आहे हे मालकीचं प्रमाण नाही, नामांतरण हे टॅक्स वसुलीसाठी असतं, सुप्रीम कोर्टाने हे कितीतरी वेळा सांगितलंय. आत्यांनी तेव्हा तोंडी म्हटलं असेल की आम्हाला काही नको, तर त्याला कायद्यात किंमत नाही, हक त्याग विलेख, म्हणजे हक्कसोड पत्र, रजिस्टर करून घ्यावा लागतो. आत्या असतील तर त्यांच्याकडे जा, आदराने बसून बोला, धाकट्यासाठी करतोय म्हणा. आत्या शक्यतो नाही म्हणत नाहीत, त्यांची मुलं पुढे नक्की म्हणतात. जे बाबांचं नाही ते त्यांना विलमध्येही देता येत नाही आणि ट्रस्टमध्येही टाकता येत नाही, त्यामुळे हे आधी.

बाबांनी आत्ताच सगळं कोणाच्या तरी नावावर गिफ्ट करून टाकावं असंही कोणी सुचवेल. माझं स्पष्ट मत, नको. गिफ्ट झालं की झालं. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात, मूल सांभाळत नसेल तर गिफ्ट रद्द करायची सोय आहे आणि आपल्याच मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये गिफ्ट डीड रद्द करून मकान आईला परत दिलं, पण त्या आईला त्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं हेही लक्षात घ्या.

तर माझा सल्ला असा की दोन्ही करा, पण क्रमाने. आत्ता एक छोटा खाजगी ट्रस्ट करा, भावासाठीच, लाभार्थी तो एकटा, त्यात अकरा हजार रुपये टाका आणि डीड रजिस्टर करा. पॅन काढा, बँकेत खातं उघडा. मग आई आणि बाबा दोघांनी आपापलं वेगळं विल करावं आणि त्यात लिहावं की अमुक हिस्सा या ट्रस्टच्या ट्रस्टींकडे जावा. यात बाबांच्या हातातून आज काहीच जात नाही, मकान त्यांचंच, उद्या मन बदललं तर विल बदलता येतं. मकान आत्ताच ट्रस्टमध्ये टाकलं तर स्टॅम्प ड्यूटीचा खर्च आत्ता आणि बदलायची सोय गेली, विलने गेलं तर तो खर्च नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे आई-बाबा असतानाच ट्रस्ट चालवायची सवय होते. बँकेतच बघा ना, प्रायव्हेट ट्रस्ट म्हटलं की काउंटरवरचा माणूस पब्लिक ट्रस्टचं सर्टिफिकेट मागतो, एका ब्रांचने माझ्या क्लायंटला चार वेळा परत पाठवलं होतं. १९५१ चा मध्य प्रदेश पब्लिक ट्रस्ट कायदा देवळं आणि धर्मादाय संस्थांसाठी आहे, घरच्या ट्रस्टला १८८२ चा इंडियन ट्रस्ट्स अ‍ॅक्ट लागतो, तिथे असं सर्टिफिकेट नसतंच. हे हेलपाटे बाबा असताना झालेले बरे.

ट्रस्टी कोण, इथे सगळ्यात जास्त विचार करा. दादा आणि तुम्ही, हे साहजिक उत्तर. पण डीडमध्ये काही लिहिलं नसेल तर सगळ्या ट्रस्टींनी मिळूनच प्रत्येक काम करायचं असा कायदा आहे, म्हणजे नळ दुरुस्तीचा चेकसुद्धा कॅनडाच्या सहीसाठी थांबला. म्हणून बहुमताने निर्णय, ठराविक रकमेपर्यंत एकाची सही, हे लिहून घ्या. ट्रस्टीला मकान विकायचा, भाड्याने द्यायचा अधिकार, पैसे कुठे गुंतवायचे ते, एक जण गेला किंवा थकला तर पुढचा कोण, आणि इंदुरात राहून रोजचं बघणाऱ्याला महिन्याचं मानधन, हे सगळं स्पष्ट हवं. मानधन लिहिलेलं नसेल तर ट्रस्टीला ते मागताच येत नाही, आणि वीस वर्षं फुकट कोण करतं, चुलतभाऊ असला तरी.

आणि एक गोष्ट, जी घरातले लोक बोलायला संकोचतात म्हणून मी बोलते. भावाच्या मागे उरलेलं कोणाला जाणार? बहुतेक डीडमध्ये असतं, उरलेलं बाकीच्या भावंडांना. आता तीच भावंडं ट्रस्टी. म्हणजे भावावर जो रुपया खर्च केला नाही तो शेवटी आपल्या घरी येणार. तुम्ही आणि दादा तसे नसाल, मी तुमच्यावर शंका घेत नाहीये, पण कागद फक्त तुमच्यासाठी नसतो, तुमच्यानंतर तुमची मुलं ट्रस्टी होतील, त्यांनी मामाला वर्षातून दोनदा बघितलेलं असेल. म्हणून ज्याला शेवटी काहीच मिळायचं नाही असा निदान एक ट्रस्टी ठेवा. नाहीतर उरलेलं एखाद्या संस्थेला जाऊ द्या. वर्षातून एकदा हिशोब सीएकडून तपासून घ्यायचा आणि तो सगळ्या नातेवाइकांना पाठवायचा, हे कलम मी तर घालतेच.

आता विलकडे येते. बाबा म्हणत असतील की सगळं आईला, आणि आईनंतर ट्रस्टला. हे वाक्य वाटतं तितकं सोपं नाही. विलमध्ये लिहिलं की माझ्यानंतर मकानाची मालकीण माझी पत्नी, आणि तिच्यानंतर अमुक, तर पहिल्या अर्ध्यानेच ती पूर्ण मालकीण झाली, पुढचं अर्धं वाक्य सहसा टिकत नाही. मग वकील म्हणतात, आईला फक्त हयातीपुरता हक्क लिहा. तिथे वारसा कायद्याचं कलम १४ आडवं येतं, बायकोचा पोटगीचा हक्क आधीपासूनचा असतो म्हणून तो हयातीपुरता हक्कही पूर्ण मालकी होऊ शकतो, १९७७ मध्ये तुळसम्मांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तेच म्हटलं, नंतर उलटसुलट निकाल येत गेले आणि २०२४ च्या शेवटी हा मुद्दा मोठ्या बेंचकडे गेला. तुमच्या घराला त्या भानगडीत पाडू नका. आई खंबीर असतील आणि त्यांच्यावर कोणी दबाव टाकेल अशी भीती नसेल तर त्यांना पूर्ण मालकीने द्या, आणि आईच्या स्वतःच्या विलमध्ये ते ट्रस्टला जाऊ दे. बाबांच्या विलमध्ये हे हवंच की आई आधी गेली तर थेट ट्रस्टला. दबावाची शंका असेल तर मकान सरळ ट्रस्टला आणि आईचा राहण्याचा हक्क ट्रस्ट डीडमध्येच. ते डीड मग ट्रस्ट करतानाच तसं लिहावं लागेल, म्हणून हा निर्णय आधी घ्या.

आईच्या विलवर मी अडून बसते याचं कारण, आपल्या घरांत बायकांचं विल कोणी करतच नाही. माझ्याकडे मागच्या दहा वर्षांत आलेल्या जोडप्यांत नवरा म्हणतो, हिच्याजवळ काय आहे? अहो अर्धा प्लॉट आहे, दागिने आहेत, आणि तुम्ही आधी गेलात तर सगळंच असणार आहे. बाबांच्या मागे आई विल न करता गेली तर तिन्ही मुलांना सारखं, म्हणजे भावाची सही परत दारात उभी.

विल करायला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. बाबांची सही आणि दोन साक्षीदार, ज्यांनी बाबांना सही करताना बघितलं आणि मग स्वतः सही केली. रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण मी करायलाच सांगते, आता संपदा २.० या मध्य प्रदेशच्या रजिस्ट्रीच्या पोर्टलवर बरंच काम ऑनलाइन झालंय. तरी रजिस्टर झालं म्हणजे सिद्ध झालं असं नाही, कोर्टात वाद गेला तर निदान एक साक्षीदार हयात असेल तर त्याला उभं करावंच लागतं. लोकमान्य नगरातल्या एका आजोबांनी सुरेख विल केलं होतं, साक्षीदार दोघंही त्यांच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमधले, दोघंही ऐंशीच्या घरातले. आजोबा ९३ व्या वर्षी गेले तोवर साक्षीदार कधीच गेले होते. मग साक्षीदाराच्या सहीची ओळख पटवायला त्यांच्या जुन्या बँकेच्या स्लिपा शोधत मी आणि त्यांची सून पंधरा दिवस फिरलो. साक्षीदार बाबांपेक्षा २५-३० वर्षांनी लहान घ्या, इंदुरात टिकून राहणारे घ्या, आणि ज्याला विलमध्ये काही मिळतंय त्याला घेऊ नका. त्याच दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा, रोज बघणाऱ्या फॅमिली डॉक्टरचंच.

भाषेचं पण सांगते. विल मराठीत चालतं, पण इथलं ऑफिस आणि कोर्ट हिंदीत चालतं, म्हणून मी हिंदीत लिहिते, बाबांना मराठीत वाचून समजावते आणि तसं शेवटी लिहून घेते. इंग्रजी अजिबात नको. बाबा घरी इंग्रजी बोलत नसतील आणि विल फाड फाड इंग्रजीत असेल तर समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका, लॉकर उघडायलाच विल मागतात, असं दोनदा झालंय माझ्यासमोर. आणि मूळ प्रत बाबांकडेच होती पण मागे सापडली नाही तर त्यांनीच फाडून रद्द केली असं कोर्ट धरू शकतं, म्हणून कुठे ठेवलंय हे एक्झिक्युटरला, म्हणजे विल अमलात आणणाऱ्याला, आणि घरातल्या आणखी एकाला माहीत हवं. एक्झिक्युटर तुम्ही व्हा, पुणं रात्रभराच्या अंतरावर आहे, कॅनडा नाही.

नॉमिनीबद्दल तुम्ही विचारलं नाही पण सांगते. एफडीला नॉमिनी तुम्ही आहात म्हणजे ते पैसे तुमचे होत नाहीत, बँक फक्त तुमच्या हातात देऊन मोकळी होते, तुम्ही वारसांसाठी किंवा विलप्रमाणे सांभाळायचे. शेअर्स आणि म्युच्युअल फंडाबद्दलही डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चार नॉमिनी टाकता येतात, त्यामुळे नॉमिनी आणि विल जुळवून घ्यायला आता निमित्त आहे, एका बैठकीत सगळ्या एफडी तपासा. भावाला एकट्याला नॉमिनी करू नका, सहीचा प्रश्न तिथेही तोच.

एवढं सगळं झालं की एक वही राहते, तिला स्टॅम्प नाही आणि साक्षीदार नाहीत. तिलक नगरच्या एका आईने तिच्या मुलासाठी ती लिहिली होती, तिची ट्रस्ट डीड मीच केली म्हणून मला वाचायला दिली. सकाळी पोहे त्याच स्टीलच्या ताटलीत, वर शेव वेगळी, मिसळलेली चालत नाही. प्रेशर कुकरच्या शिट्टीला घाबरतो, आधी सांगायचं. डॉक्टर कोण, गोळी किती वाजता, कोणत्या गोळीने पूर्वी त्रास झाला. रागावला की हात धरायचा नाही, बाहेर ओट्यावर नेऊन बसवायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजतो आणि शांत होतो. ती बाई तीन वर्षांपूर्वी गेली, ट्रस्टी म्हणून आता तिची भाची बघते, आणि ती मला सांगत होती की डीड तिने कपाटातून दोनदाच काढली, वही रोज काढते. तुमच्या आईला आजच एक वही आणून द्या.